दादा, एक शब्द टाक

४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रागाच्या भरात लिहितेय, तेव्हा अक्षर सांभाळून घे. आपली भिंगरी सतरा वर्षांखालच्या राष्ट्रीय संघाच्या शिबिरात निवडली गेली, हे तुला आमच्याआधी कळलं असणार. आता पुढचं ऐक. तुमच्या फुटबॉल महासंघाच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या हृदयाचा आलेख काढला आणि तिला थेट घरी पाठवून दिलं! म्हणे रेघ जरा वेगळी दिसते, मोठ्या इस्पितळात तपासून घ्या, तोवर मैदानात पाऊल टाकायचं नाही.

अरे, ही पोरगी साधा जिनासुद्धा कधी चालत चढलेली नाही, धावतच चढते! आमच्या डॉक्टरांनी नळी लावून पाहिली, ठणठणीत आहे म्हणाले. स्पर्धेसाठी नावं महिनाअखेर जाणार. तू त्याच महासंघात खेळाडूंची नोंदणी करतोस ना? मग त्या बाईंच्या कानावर एक शब्द टाक. पोर खोलीचं दार लावून बसलीय. आमचे हे तर विचारतात, मेहुणा महासंघात असून आम्हाला काय उपयोग?

वहिनींना नमस्कार. आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझी,
धाकटी

९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर छान आहे, भाषा तेवढी तिखट. मेहुण्यांना सांग, महासंघात असून त्यांच्या मेहुण्याला सामन्याची फुकट तिकिटंही मिळत नाहीत.

आता खरं सांगतो. मी शब्द टाकणार नाही. लोकांना वाटतं, महासंघ म्हणजे कोट घालून करंडक देणारी माणसं. वेळापत्रक लावणं, पंच नेमणं, खेळाडू या क्लबातून त्या क्लबात गेला की कागद बघणं, ही सगळी कामं आहेतच. पण ही हृदयाची तपासणी का आली, ते मला माहीत आहे. काही वर्षांपूर्वी एका सामन्यात मी कडेला बसलो होतो. एक धडधाकट आघाडीवीर पळता पळता खाली कोसळला. त्याला कुणी धक्का दिला नव्हता. तो उठलाच नाही. त्याची आई प्रेक्षकांत होती. पुढे महासंघाने नियम केला, तेव्हा सगळे क्लब कुरकुरले. आम्ही ऐकलं नाही. आज माझ्या भाचीसाठी तो वाकवू?

तिला माझ्याकडे पाठव. हृदयाच्या तज्ज्ञांकडे मी स्वतः घेऊन जातो. वहिनीने खिडकीजवळची खाट तिच्यासाठी रिकामी केली आहे.

रागाव, पण पत्र पाठवत जा.
तुझा,
दादा

१३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र भिंगरीच्याच हाती देतेय. ती तुझ्याशी बोलणार नाही, असं तिने बजावलंय. मीही जास्त लिहीत नाही. तपासणीत काही निघालं नाही, तर जन्मभर ऐकवीन.

वहिनींना नमस्कार.
धाकटी

१८ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आधी शेवट वाच: काळजीचं कारण सापडलंय आणि त्यावर इलाजही आहे. आता श्वास घे आणि पुढे वाच.

पोरगी माझ्याशी बोलली नाही ती नाहीच. पण भाजी निवडताना वहिनीजवळ तिचा बांध फुटला. सराव करताना दोनदा तिचं काळीज एकदम सुसाट धावू लागलं होतं आणि डोळ्यांपुढे अंधार आला होता. कुणाला कळू नये म्हणून ती बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने खाली बसली. संघातून काढतील या भीतीने तुलाही बोलली नाही. तिला रागावू नकोस.

तज्ज्ञ म्हणाले, तिच्या हृदयात जन्मापासून विजेची एक जादा वाट आहे. ठोका त्या आडवाटेने शिरला की असं होतं. न खेळताही झालं असतं, पण खेळताना जास्त धोका. मांडीतल्या शिरेतून बारीक नळी वर नेऊन ती वाट जाळून टाकतात. छाती उघडावी लागत नाही. नंतर पुन्हा खेळता येतं, हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. संमतीची सही तुम्हा दोघांचीच लागेल. पहिल्या गाडीने या.

स्पर्धा मात्र हुकली. तेवढं तिला तूच सांग, माझ्याच्याने होत नाही.
तुझा,
दादा

२२ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल तुमच्या डॉक्टरीणबाईंचं परवानगीचं पत्र होतं तरी सामनाभर मी भिंगरीवरची नजर हलवली नाही. त्या दिवशी इस्पितळात ती आडवाट जाळून डॉक्टर हसत बाहेर आले आणि वहिनींच्या खांद्यावर डोकं ठेवून मी रडले, तेव्हाच खरं तर सुटले होते. पण आईचं मन, ते पुन्हा आपलं अडकतंच.

क्लबाचा साधा सामना होता. भिंगरी पूर्ण वेळ खेळली. पंचांशी वाद घातला म्हणून पिवळं कार्डही मिळवलं. आणि तीन-एकने हरून आली. दारातच पिशवी आपटली, गोलरक्षक मुलीचा उद्धार केला, मामालाही सोडलं नाही: महासंघाने असले पंच नेमलेच कसे, हे तुला विचारायला सांगितलंय. मग धुसफुसत तीन वेळा वाढून घेतलं आणि मळक्या मोज्यांसकट झोपली.

हे म्हणाले, हिला जरा वळण लाव. मी म्हटलं, आज नाही. पोर हरली म्हणून चिडलीय, एवढंच दुःख आपल्या घरात आहे, दादा! मी मोजे ओढून काढले, तर झोपेतच तिने मला लाथ मारली. केवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

तुम्हा दोघांची माया आहेच, ती अशीच पुरवत राहा.
तुझी,
धाकटी