चंदाच्या विटा

मंगळवार संध्याकाळ, विचुंबे

आत्ताच ड्यूटीवरून आले. चप्पलसुद्धा काढली नाही, आधी हे लिहिते. चंदा बोलली!

वीटभट्टीवर पाय भाजून आमच्या वॉर्डात आल्यापासून पोरीने शब्द काढला नव्हता. बाहुली दिली, रंग दिले, ढुंकून बघेना. आज कॅन्टीनमधून कणकेचा गोळा आणून दिला. वाटलं, चिमणी करेल, पोळी लाटेल. तिने विटा थापल्या! इवल्या इवल्या, आणि खिडकीच्या कट्ट्यावर रांगेने वाळत ठेवल्या. मला हे आधी कसं सुचलं नाही?

राउंडला आलेले डॉक्टर नेमके त्याच कट्ट्यावर हात टेकून उभे राहिले.

"हात काढ! वल्या हायेत त्या!"

चंदा ओरडली होती! तिच्या आईने तोंडाला पदर लावला. डॉक्टर गडबडून म्हणाले, "सॉरी, चुकलं." चंदाने चेपलेली वीट त्यांच्याच हातात दिली. "मोडलीस ना? आता तूच थाप."

थापली हो त्यांनी, तिच्या पलंगावर बसून! वाकडीच झाली.

"नाय जमत तुला," म्हणून चंदा हसली, आणि रोज ड्रेसिंगच्या वेळी आवळून धरलेला पाय आज आपणहून माझ्यापुढे केला.

विटा वाळल्या असतील का एव्हाना?