बंकटच्या अल्बममधली झांज

१ मार्च २०१९, शुक्रवार
पुण्याच्या पोरांचा नवा रॅप अल्बम आला. सकाळीच ऐकून टाकला. बेस दणदणीत, शब्द बरे, पण वर काहीच नाही. झांजेची ती बारीक टिक-टिक कुठंय? मागच्या शुक्रवारचा इलेक्ट्रॉनिकही तसाच – गोधडीखाली वाजवल्यासारखा. हल्ली कुणाला मिक्सिंग येत नाही. नेकनुरात बसून मला कळतं, त्यांना स्टुडिओत कळत नाही. (स्वतःची स्तुती झाली. असू दे, दुसरं कोण करणार?)

५ मार्च
भाचा बंकट आला. ऊसतोडीवरून लवकर परतलाय. दुष्काळात ऊसच नाही, कारखान्याचा पट्टा शिवरात्रीच्या आतच पडला, गाळप बंद. फडात रचलेली गाणी त्यानं मोबाइलवर केलीत. टायरगाडीचा खडखडाट, कोयत्याची खचखच, वर रॅप. "मामा, तुमी पास केलं की टाकतो. म्हैना अखेरीला टाकायचंय."
मी भाव खाल्ला. कारखान्याच्या वार्षिक सभेचा साउंड वर्षानुवर्षं माझाच, स्पीकरला कधी शिट्टी बसली नाही, हे सांगून झालं. दरवेळी होतं. गेल्या सभेत लोक कानात बोटं घालून बसले होते, पण ते चेअरमनच्या भाषणामुळं.

८ मार्च, शुक्रवार
बंकटची गाणी ऐकली. तोच रोग.
"मामा, झांज हाय की. टिक-टिक वाजतीय."
"मला शिकवू नको बे."
ट्रेबल, म्हणजे बारीक आवाजाची पट्टी, पार वर न्यायला लावला, तेव्हा कुठं ऐकू आली. बंकटचं तोंड वाकडं. "कान कापतंय, मामा." कलावंताला टीका सोसत नाही.

१२ मार्च
टँकर पुन्हा गुपचूप येऊन गेला. बायको छबू माहेरी, घागरी कोरड्या. ग्रामसेवकाकडे लेखी तक्रार दिली.

२२ मार्च, शुक्रवार
दूध सोसायटीच्या ओट्यावर बंकटचं एक गाणं माझ्या स्पीकरवर लावलं – माझा मिक्स. पहिल्याच कडव्याला कुत्री उठून गेली. दूध घालायला आलेल्या सिदूनं कानाला टॉवेल गुंडाळला. "लई दात शिवशिवायलेत, बंद करा." मी डोळे मिटून उभा. अडाण्यांना काय कळतंय.

२३ मार्च
छबू एकदम घागर घेऊन उठली.
"कुठं निघालीस?"
"टँकर आलाय न्हवं का."
"कसं कळलं?"
"अवो, मागं घेताना टीं-टीं वाजतंय की. सगळ्या गल्लीला ऐकू जातंय."
बाहेर आलो. टँकर मागे सरकत होता. लाल दिवा लुकलुकत होता. टीं-टीं नव्हती.

२४ मार्च
म्हणजे गेल्या सभेत शिट्टी होती. चेअरमन बोलले तेवढा वेळ! तक्रारही परत आणली पाहिजे.

२८ मार्च
अल्बम उद्या. बंकटकडे गेलो. चहा झाला, कारखान्याच्या गप्पा झाल्या, दुसरा चहा झाला.
"मामा, अजून काय सुधारायचं ऱ्हायलंय का?"
"माझा कान गेलाय. माझं काही ठेवू नको. तुझं होतं तसंच टाक."
तो हसला नाही. "तसंच हाय, मामा. मामीनं तुमच्या कानाचं शिमग्याच्या आधीच सांगितलंतं."

२९ मार्च, शुक्रवार
अल्बम आला. छबूसोबत ऐकला. झांज जिथं जिथं येते, तिथं तिनं माझ्या मनगटावर बोटानं वाजवून दाखवली. भरपूर आहे. पास.