साक्षी साक्ष देत नसतो

ती. ताईंना भावजयीचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे, तुमचा नवा चष्मा आणि तुमची ती दिवसरात्र हिंडणारी मांजर, तिघांची खुशाली विचारते आणि इकडे आम्ही मजेत आहोत असं लिहिते. (हे लिहायचंच असतं म्हणून लिहिलं. पुढे वाचा.) तुमच्या बंधुराजांची तब्येत तर इतकी उत्तम आहे की बघवत नाही. रक्तदाब खाली आला, कपाळावरच्या आठ्या गेल्या, आवाज मऊ झाला. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या की घरात असा शांत माणूस असायला भाग्य लागतं. मी म्हटलं, न्या. त्या हसल्या. मी गंमत करत नव्हते.

याला कारण तुम्ही फोनवर पाठवलेली प्रवचनं. तुमचा हेतू चांगला होता यात शंका नाही. चहात साखर कमी पडली तरी घर डोक्यावर घेणारा हा माणूस तुम्ही लहानपणापासून पाहिलाय. म्हणून तुम्ही आत्मपरीक्षण, समत्व, अनासक्ती असं एकेक पाठवत गेलात आणि हे कानाला लावून ऐकत गेले. सुरुवातीला मी तुम्हाला मनातल्या मनात दुवा दिला. (तो परत घेण्याची काही सोय असते का, कळवावं.) मग एका प्रवचनात 'साक्षीभाव' आला. म्हणजे राग आला की रागवायचं नाही, राग आलाय हे नुसतं बघायचं. मनात जे उठेल ते उठू द्यायचं आणि आपण काठावर बसायचं. ऐकायला किती छान! मनापुरतं ठेवलं असतं तर मीही शेजारी जाऊन बसले असते. पण तुमचे बंधू कुठलीही गोष्ट बेताने करत नाहीत. त्यांनी मनाबरोबर सगळ्या घरालाच साक्षीभाव लावला. गॅसवर काही करपतंय, हे बघतात. दाराची बेल वाजते, हे ऐकतात. परवा ह्यांचाच वाळत घातलेला शर्ट वाऱ्याने उडून समोरच्या गच्चीवर गेला, तर हे खिडकीत उभे राहून मायेने 'गेला' म्हणाले. शर्ट आणायला मी गेले, कारण मला अजून मोक्षाची घाई नाही. केस कापून आले आणि कशी दिसते विचारलं, तर चांगलं आणि वाईट ही मनाने चिकटवलेली लेबलं आहेत असं उत्तर मिळालं. केस खरंच वाईट कापले होते, ते सोडा.

इथपर्यंत मी सोसलं. पण गेल्या आठवड्यात प्रकरण माझ्या दुकानापर्यंत आलं. माझं शिवणकामाचं दुकान जिन्याच्या पायथ्याशी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. बँडमास्तरांनी त्यांच्या सगळ्या वादकांचे काळे कोट उंची कमी करायला दिले होते. खुणा करायला ते मी जमिनीवर चादर अंथरून ओळीने मांडले आणि काळा दोरा आणायला कोपऱ्यावर गेले. परत येते तर जिन्यावरून पाणी खळखळत येतंय, कोट तरंगायचेच बाकी आहेत, आणि वरच्या पायरीवर तुमचे बंधू मांडी घालून, अर्धे डोळे मिटून बसलेत. दुकानाच्या जागेचे मालक (सगळी इमारत त्यांना कुलूपकाका म्हणते, कारण ते स्वतःच्या सायकललाही दोन कुलपं लावतात) जिन्यातल्या नळाखाली बादली लावून फोनवर बोलत बोलत वर निघून गेले होते. हे सगळं ह्यांनी पाहिलं. नळ सुटलेला पाहिला, बादली भरलेली पाहिली, पाणी पायरी पायरी उतरून दुकानात शिरलेलं पाहिलं. बंद का नाही केलंत, असं मी ओरडून विचारलं तर म्हणाले, "पाणी येत होतं. मी येऊ दिलं." मग मी रडत रडत कोट पिळत बसले आणि हे तेही बघत बसले.

कोट वाळल्यावर आटले. बँडमास्तर फार सभ्य. कोट अंगात घालून त्यांनी नुसते हात पुढे केले आणि बाह्या कोपरापाशी थांबल्या. (ह्या माणसाला हात वर करूनच पोट भरायचं असतं हो.) ते गेल्यावर कुलूपकाका आले. त्यांचं म्हणणं, इस्त्रीसाठी पाणी भरून नळ उघडा टाकून मीच गेले. जिना खराब झाला, भिंतीला ओल आली, तेव्हा दुकान खाली करा. त्यांच्या भाच्याला ती जागा हवी आहे हे सगळ्या इमारतीला माहीत आहे. रविवारी इमारतीच्या कमिटीसमोर बैठक आहे. नळ कोणी उघडला हे पाहणारा माणूस जगात एकच आहे आणि तो माझ्या घरात जेवतो. मी त्याला म्हटलं, एवढं सांगा. तर ताई, तुमच्या बंधूंनी माझ्याकडे करुणेने पाहिलं आणि समजावलं, "अगं, साक्षी फक्त पाहतो. साक्षी साक्ष देत नसतो. साक्ष देतो तो साक्षीदार, तो बाजू घेतो, आणि बाजू आली की बंधन आलं." म्हणजे शब्दातल्या एका 'दारा'वरून माझं दुकान जाणार.

मग म्हटलं, चूक आपलीच असेल, आपणही आत्मपरीक्षण करावं. डोळे मिटून आत डोकावले. आत एक बाई कात्री घेऊन उभी होती. लगेच बाहेर आले.

थट्टा पुरे. ताई, घर दोघांचं आहे, आडनाव तुमचं आहे, पण हे दुकान माझं एकटीचं आहे. तिथे मला कोणी कोणाची बायको म्हणून ओळखत नाही. ते गेलं तर मी काय करू, मला खरंच कळत नाही.

थोरामोठ्यांना नमस्कार, मांजरीला चुचकारणं.

तुमचीच,
भावजय

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. रविवारच्या आधी निघून या. ह्यांना कोणाची भीती नाही, पण तुम्ही पूर्ण नाव घेऊन हाक मारलीत की हे अजून उभे राहतात. तशी एकच हाक मारा. बाकीचं मी बघते.

ता. क. २. पाकीट चिकटवायच्या आधी ह्यांनी पत्र वाचलं. (दुसऱ्याचं पत्र वाचू नये एवढी अनासक्ती अजून आलेली नाही.) शर्टापाशी हसले, कात्रीपाशी जरा मागे सरकले. मग कोट पिळण्याच्या ओळीवर फार वेळ थांबले आणि विचारलं, "तू रडत होतीस?" मी म्हटलं, "तुम्ही समोरच बसला होतात." मग चप्पल घालून बाहेर गेले.

ता. क. ३. पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात बैठक झालीसुद्धा. हे उभे राहिले. म्हणाले, "नळ काकांनी उघडला, मी पाहिलं. पाणी दुकानात जाताना पाहिलं. उठून बंद करणं माझ्या हातात होतं, मी उठलो नाही. बायको रडत होती, ते तर मला दिसलंसुद्धा नाही. हेही लिहून घ्या." कुलूपकाका तावातावाने ओरडत होते आणि ह्यांचा आवाज जरासुद्धा चढला नाही. कमिटीने दुकान माझ्याकडेच ठेवलं. ताई, प्रवचनात कदाचित हेच सांगितलेलं असेल. तुमच्या बंधूंनी शेवटपर्यंत ऐकलं नसेल, एवढंच.

आता या, पण हाक मारायला नको. रागवायचं काम मी आज सकाळपासून हाती घेतलंय. हे समोर बसून ऐकतायत, मधूनमधून "चुकलं" म्हणतायत, आणि मला फार बरं वाटतंय. अजून पुष्कळ बाकी आहे, तेव्हा दोन दिवस आधी कळवून या.