दसऱ्याची किल्ली

आश्लेषा,

कल्पना कर, तुझ्याएवढीच एक मुलगी आहे. तिच्या आईबाबांनी इथंच फ्रिस्कोत एक घर पसंत केलं आणि विसार दिला. विसार म्हणजे 'हे घर आम्हीच घेणार' असं सांगून आधी दिलेले पैसे. मग ठरलेल्या दिवशी सह्या झाल्या की किल्ली मिळते. तो दिवस नेमका पितृपक्षात आला. घरातले सगळे मोठे म्हणाले, "आत्ता नको, दसऱ्याला करू." घरमालकही तयार झाला. पण तेवढ्यात बँकांचंच काही खरं राहिलं नाही, आणि परवा त्यांच्या बँकेनं कर्ज द्यायला नकार दिला. आता घर तर गेलंच, विसारही परत मिळणं कठीण आहे.

मी तुझ्या आईबाबांबरोबर घराच्या एजंटच्या ऑफिसात जातोय. तिथं माझ्या हातात काहीच नाही, पण बाबाला सोबत होईल. शेजारच्या वीणाकाकू तुला दार उघडून देतील, त्यांच्यापाशीच थांब. शिरा झाकून ठेवलाय, आजच्या दसऱ्याचा आहे, खा. बाबा आला की घराचं काही विचारू नकोस.

त्या मुलीनं नव्या दारासाठी कागदी पानांचं तोरण केलं होतं. तिला हे कसं सांगावं, काल आम्हाला कुणालाच सुचलं नाही. आज सकाळी स्कूलबस यायच्या आधी तिनंच खुर्ची ओढली, "आजोबा, चेअर पकडा," म्हणाली, आणि ते तोरण या भाड्याच्या घराच्या दाराला बांधलं.

आजोबा