आवक क्रमांक नसलेला अर्ज

बाई, तुमच्या अर्जाची मागची बाजू मी या सोमवारी वाचली. अर्ज तुम्ही माझ्या हातात दिलात त्याला इतकी वर्षं झाली की आता तुम्ही नाही, तुमचे यजमान नाहीत, आणि मीही निवृत्त होऊन घरी बसले आहे. पुढची बाजू मी त्याच दिवशी वाचली होती. कागद उलटला नव्हता. सोमवारी घरच्या कपाटातून काढून उलटला, कारण घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी घेणाऱ्या नव्या संरक्षण अधिकाऱ्यांसाठी एक पुस्तिका छापली जाते आहे, तिचं प्रूफ माझ्याकडे तपासायला आलं आणि त्यातलं एक पान तुमच्यावर निघालं. तुमचं नाव नाही, 'एक ज्येष्ठ शिक्षिका' एवढंच आहे. पानाला शीर्षक दिलंय 'कागदाविना सुटलेला प्रश्न' आणि खाली बारीक अक्षरात, 'एका अनुभवी अधिकाऱ्याच्या कथनावरून'. ती अधिकारी मी.

हे पान कसं तयार झालं तेही सांगते. निवृत्तीनंतर मला खात्याच्या प्रशिक्षणांना बोलावतात. दोन दिवसांत कायदा, कोर्ट, पोलीस, निवारागृह, सगळं कोंबायचं असतं. समोरच्या मुली आपापल्या तालुक्यातली अंगणवाड्यांची कामं टाकून आलेल्या असतात आणि जेवणानंतरच्या तासाला निम्म्या पेंगतात. त्या तासाला मी तुमची गोष्ट सांगायचे. एका सुशिक्षित घरातली बाई तक्रार घेऊन आली, मी कागद बाजूला ठेवला, रविवारी घरी गेले, यजमानांशी दोन शब्द बोलले, आणि संसार सावरला. सगळ्या जाग्या व्हायच्या. मला दाद मिळायची. एकदा मागच्या रांगेतून एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग पुढे त्या बाईंचं काय झालं?" मी घड्याळाकडे पाहून म्हटलं, "सरी, ठीक आहे, कॉफीची वेळ झाली." ती मुलगी कोणत्या तालुक्यातली होती, आता आठवत नाही. तिचा प्रश्न तेवढा आठवतो.

तुम्ही मला सातवीत वर्गप्रमुख केलं होतंत. तुम्ही वर्गात नसताना कोण बोललं त्याची यादी फळ्यावर लिहायची, हे माझं काम. एकदा मी आठ नावं लिहिली आणि माझ्या मैत्रिणीचं गाळलं. सगळ्यात जास्त तीच बोलत होती. तुम्ही आत आलात, यादी वाचलीत, तिच्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. "यादी करायची तर सगळ्यांची कर, नाहीतर खडू खाली ठेव," म्हणालात. ओरडला नाहीत. मी खडू खाली ठेवला आणि आठवडाभर तुमच्याशी बोलले नाही. पुढे मला सरकारी नोकरी लागली तेव्हा तुम्ही घरी आलात, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी जड. माझ्या आईला वाटलं चांदीचं असेल. निघालं लोखंडी पंचिंग मशीन. "साडी तुला कोणीही देईल. फायलीला भोकं पाडायला हे लागेल," म्हणालात, आणि आई तुम्ही गेल्यावर बराच वेळ हसत होती. ते मशीन मी निवृत्तीपर्यंत वापरलं. तुमच्या अर्जाला मात्र भोकं नाहीत. तो कुठल्या फायलीत लागलाच नाही.

तो दिवस मला तुकड्यातुकड्याने आठवत नाही, सलग आठवतो. दुपारचे साडेतीन झालेत. कार्यालयाच्या व्हरांड्यातल्या बाकावर सहा बायका बसल्या आहेत. पहिली पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कामाला जाणारी, कडेवर मूल. सातव्या तुम्ही. इस्त्रीची सुती साडी, मांडीवर पिशवी, डाव्या हाताची दोन बोटं एकत्र बांधलेली. मी फाईल घेऊन बाहेर येते आणि थबकते.

"बाई, तुम्ही इथे? आत चला आधी."

"अगं, माझा सातवा नंबर आहे."

"तुम्हाला कसला नंबर! उठा."

मी तुमचा हात धरून उठवते. बाकावरच्या सगळ्या बघतात. पीण्याची ती बाई शेजारणीला कन्नडमध्ये म्हणते, "ओळख असली की बरं असतं गं अक्का." मला ते ऐकू येतं आणि बरंच वाटतं. आत नेऊन मी दार लावते, शिपायाला कॉफी सांगते. तुम्ही पिशवीतून फुलस्केप काढून टेबलावर ठेवता. समास आखलेला आहे. अर्ज कन्नडमध्ये आहे. मराठीच्या शनिवारच्या वर्गात आम्हाला वेलांटीवरून रडवणाऱ्या बाई, तुम्ही कन्नडमध्ये लिहून आणलंत. माझ्यासाठी असता तर तो मराठीत असता. तो कार्यालयासाठी होता, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी पहिली बाजू वाचली. कधीपासून, किती वेळा, कशाने, सगळं क्रमाने लिहिलं होतं. मला पुढे वाचवेना. ज्या बाईंना मी घाबरायचे त्यांच्याबद्दल हे वाचायचं? मी कागदाची घडी घातली.

"हे दाखल केलं की कोर्टात जातं, बाई. घरी समन्स येतं. शनिवारच्या वर्गातल्या पालकांना कळेल, सगळ्या मराठी घरांत चर्चा होईल."

"होऊ दे की. मी काय चोरी केलीय?"

"तसं नाही, पण तुमच्यासारख्या घरातलं..."

"माझ्यासारखं घर म्हणजे कसलं? तू कधी राहिलीस त्या घरात?"

"मी बोलते त्यांच्याशी. माझ्यावर सोडा."

"तू माझी विद्यार्थिनी म्हणून नाही आले मी. इथे अधिकारी आहेस म्हणून आले."

मी हसले. मला वाटलं, तुम्ही माझं कौतुक करताय.

तेव्हा घरगुती हिंसाचाराचा कायदा नवा होता, हे खरं. अंगणवाड्यांचं काम होतंच, त्यावर संरक्षण अधिकारी हा जादा कार्यभार येऊन पडला. एका दिवसाचं प्रशिक्षण, कोऱ्या अर्जांचा एक गठ्ठा, हाताखाली माणूस नाही, गाडी नाही. हल्ली सगळ्या बैठकांत हेच बोलतात, यंत्रणा कमी पडते, अधिकाऱ्यांची तयारी नसते, आणि मीही मान डोलावते. पण त्या दिवशी यंत्रणा कमी पडली नाही. बाकावरच्या सहाही जणींचे अर्ज मी नियमाप्रमाणे घेतले. आवक क्रमांक, शिक्का, घरगुती घटनेचा अहवाल, एक प्रत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. पीण्याच्या बाईचा अहवाल मी वीस मिनिटांत भरला. मला ते येत होतं. ज्यांच्याबद्दल मला काही वाटत नव्हतं त्यांचं काम मी चोख केलं. तुमच्याबद्दल आदर होता, म्हणून तुम्हाला यादीतून गाळलं.

रविवारी मी जे. पी. नगरला तुमच्या घरी आले. तुमच्या यजमानांनी दार उघडलं. सरकारी कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा शर्ट, हसतमुख. "या या! आज सरकारच आमच्या दारी!" मग आत बघून, "अगं, कॉफी टाक. स्वल्प कडक हं, अधिकारी आल्यात." पुढे मी प्रशिक्षणात मुलींना सांगायचे की सुरुवात इकडच्या तिकडच्या गप्पांनी करावी. मी तशीच केली. झाडं, पाणी, मेट्रोचं काम. मग हळूच तुमच्या बोटांचा विषय काढला. ते मनमोकळं हसले. "हिला चष्मा लावायचा कंटाळा. पायरीवरून घसरते आणि नंतर मलाच बोलणी बसतात." ते इतक्या सहज म्हणाले की मला माझी बाजू भक्कम करावीशी वाटली. मी म्हटलं, "तसं नाही, त्यांनी माझ्याकडे लेखी दिलंय."

तुम्ही ट्रे घेऊन तेवढ्यात आलात. ट्रे ठेवलात आणि आत गेलात.

"लेखी? अस्सं," ते म्हणाले. "अक्षर चांगलं आहे तिचं."

नंतर त्यांनी सगळं कबूल केल्यासारखं केलं. वय झालंय, रक्तदाब असतो, पुन्हा होणार नाही. मी समाधानाने उठले आणि त्यांच्यासमोरच आत आवाज दिला, "बाई, काहीही झालं तर मला फोन करा हं!" तुम्ही बाहेर आला नाहीत. नळाचा आवाज येत होता.

मागच्या बाजूला चारच ओळी आहेत, बाई. मी घर सोडणार नाही. हे घर माझ्याही पगारातून झालं आहे, मला याच घरात सुरक्षित राहण्याचा आदेश हवा आहे. आणि शेवटची, खाली रेघ मारलेली: आदेश हातात येईपर्यंत माझ्या यजमानांना या अर्जाबद्दल काहीही कळू देऊ नये, ही विनंती.

सोमवारी हे वाचून मी कागद टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरली. मला म्हणता आलं असतं की मला माहीत नव्हतं. ते खोटं आहे. शनिवारचा वर्ग तुम्ही महिन्याभरात बंद केलात, गुडघे दुखतात म्हणून. पुढच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला तुम्ही भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाउज घालून आला होतात. मी पाहिलं. तुम्ही पाहिलंत की मी पाहिलं. "कशी आहेस?" तुम्हीच विचारलंत, आणि मी "मजेत" म्हणून पन्हं प्यायले. तुम्ही आजारपणात गेलात तेव्हा तेराव्याला आले होते. तुमचे यजमान दोन्ही हात जोडून मला म्हणाले, "तुम्ही त्या वेळी सांभाळून घेतलंत." तिथून घरी आल्यावर मी जेवले नाही. पण पुढच्या प्रशिक्षणात जेवणानंतरच्या तासाला तीच गोष्ट पुन्हा सांगितली.

पुस्तिकेचं काम बघणारी मुलगी नागपूरची आहे, लग्नानंतर इकडे आली, कोरमंगलाला राहते. मंगळवारी तिला फोन करून म्हटलं, ते पान काढा.

"पण मॅम, ते तर बेस्ट पान आहे! सगळ्यांना जाम आवडलंय. प्रिंटला शुक्रवारी जातंय."

"घरी ये. फोनवर सांगण्यासारखं नाही."

ती संध्याकाळी आली. मी कागद दाखवला नाही, फक्त सांगितलं. ती लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती, मध्येच तो बंद केला. "मॅम, अहवाल भरला होता?" नाही. "रजिस्टरला एंट्री?" नाही. "मग त्यांनी पुन्हा कुठे जायचं ठरवलं असतं, तर आधी एकदा आले होते हे कशावरून दाखवणार होत्या?" ती माझ्या नातीपेक्षा थोडी मोठी असेल. "सॉरी मॅम, मी कोर्टातल्यासारखं क्रॉस करत नाहीये," म्हणाली. मी म्हटलं, "कर. आजवर कुणी केलं नाही म्हणून तर इथवर आलंय." तिने एकच सुचवलं: पान काढू नका, खरं लिहा. मी म्हटलं, त्या बाईंची मुलगी हो म्हणाली तर.

तुमची मुलगी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन आता तुमच्याच घरात राहते. मी बुधवारी गेले. "या अक्का, किती वर्षांनी," म्हणाली. मी बसले नाही. बसले असते तर पुन्हा झाडांपासून सुरुवात केली असती. कागद पुढे केला आणि सांगितलं: तुझ्या आईने हा माझ्याकडे दिला होता, मी दाखल केला नाही, उलट तुझ्या वडिलांना जाऊन सांगितलं.

तिने उभ्यानेच वाचला. उलटला. पुन्हा पुढची बाजू वाचली. कागद हातातच धरून म्हणाली, "मला वाटायचं, आई कधी कुठे गेलीच नाही. मी पुण्याहून फोन करून ओरडायचे तिच्यावर. इतक्या पोरींना शिकवलंस, स्वतःसाठी तोंड उघडता येत नाही का तुला? आमचं शेवटचं बोलणं तेच झालं." मग माझ्याकडे न बघता, "तिने सांगितलं का नाही मला, की गेले होते म्हणून?"

मला कारण माहीत होतं, बाई. सांगितलं असतं तर मी काय केलं तेही सांगावं लागलं असतं. तुम्ही मलाही यादीतून गाळलंत.

पुस्तिकेबद्दल विचारलं तर ती म्हणाली, "छापा. पण आईला बिचारी म्हणू नका. आणि तुमचं नाव घाला." मी हो म्हटलं. काल नवं पान लिहून दिलं, नावासकट. हे पत्र मात्र तिला देणार नाही. दिलं तर तिला मला काहीतरी बरं बोलावं लागेल, आणि खरं सांगायचं तर ते ऐकायला मिळावं असं मला फार वाटतं.

दिलं ते असं. अर्ज एक, फुलस्केप, कन्नड, दोन्ही बाजूंनी लिहिलेला, सहीचा, आवक क्रमांक व शिक्का नाही. त्याचं मी काय केलं ते सांगणारं माझं निवेदन एक, दीड पान, सहीनिशी. दोन्ही तुमच्या मुलीच्या हाती, बुधवारी दुपारी. तिने न मागता पोच लिहून दिली: तारीख, वेळ, कागद किती, कोणाकडून मिळाले. मी तुम्हाला दिली नव्हती.