फोटोत उजळलेल्या बरगड्या

प्रिय दादा,

धाकटीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा निम्माच समज). तुझे गुडघे काय म्हणतात? वहिनी चालायला नेते की चपला घालून तू पुन्हा सोफ्यावरच बसतोस?

इकडे आमच्या छकुलीचा स्कॅन झाला. तुला ठाऊकच आहे, तिच्या त्या दुर्मीळ आजारात अंगाची राखण करणाऱ्या पेशीच मांडीच्या हाडात तळ ठोकून हाड कुरतडतात. औषध लागू पडतंय की नाही, ते या फोटोत कळतं. आधी सुईतून एक खास साखर देतात. अंगात जिथे जास्त धावपळ चालू असेल तिथे ती जाते आणि तो भाग फोटोत उजळतो. म्हणून सुईनंतर तासभर गप्प पडून राहायचं. सोबत एकच माणूस. मी नको नको म्हणत असताना तुझे लाडके मेहुणे आत घुसले.

बोलायचं नाही, असं बजावलं होतं. नाही बोलले हो! (हा माणूस झोपेतही बोलतो.) पण तोंडं वेडीवाकडी करायला कुणी मनाई केली नव्हती ना. आधी डॉक्टरीणबाईंची नक्कल, मग नर्सची, मग माझी. माझी म्हणे सगळ्यांत रंगली. पोरगी तोंडात चादर कोंबून तासभर खदखदत होती.

फोटो आला आणि बरगड्यांवर ओळीने उजेड! मशीनवरच्या माणसाने लगेच डॉक्टरीणबाईंना बोलावलं. आजार छातीत शिरला असंच वाटलं मला, खोटं कशाला सांगू. डॉक्टरीणबाईंनी फोटो मोठा करून पाहिला. उजेड हाडांत नव्हता, दोन बरगड्यांच्या मधल्या स्नायूंत होता. खोकला होता का, पळाली का, असं विचारू लागल्या. आमचे महाशय खिडकीबाहेर बघत उभे. शेवटी पोरीनेच बाईंना बाईंची नक्कल करून दाखवली. त्या हसल्या म्हणून निभावलं. तासभर हसू दाबून तिथले स्नायू राबले आणि साखर तिकडेच गेली, म्हणाल्या. मांडीतला डाग पुष्कळ फिका झालाय, पण पुरता गेलेला नाही. शाळेच्या सुट्टीत पुन्हा स्कॅन.

वहिनीला नमस्कार सांग.

तुझी धाकटी

ता. क. : पुढच्या वेळी आत तू बस. तुझ्या तोंडाकडे बघून आजवर कुणाला हसू आल्याचं ऐकिवात नाही.

आणखी एक ता. क. : पोरीला हा बेत सांगितला. “मामा? तासभर?” म्हणाली आणि पोट धरून हसत सुटली. तेव्हा आत यांनाच बसू दे, तोंडाला रुमाल बांधून. तू तरीही ये. बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बस. मला एकटीला नाही रे होत.