नाव पेलवलं नाही म्हणून

मागेलांग, ६ जुलै १९९२

ती. मावशीस वार्सीचा सा. न.

सुखरूप पोचले, पण अडकले. सुईणीच्या शाळेला नववी पास लागतं. मी पास आहे, गुणही चांगले आहेत. पण प्रमाणपत्रावर वार्सी आणि जन्माच्या दाखल्यावर कुसुमानिंग्रुम. मी प्रवेशाच्या बाईंना सांगितलं, की लहानपणी सारखी आजारी पडायचे, एवढं जड नाव पोरीला पेलवत नाही म्हणून मावशीने हलकं ठेवलं. बाई म्हणाल्या, माझ्या भावाचंही तसंच केलं होतं, पण कागदाला ते कसं कळणार?

जन्माच्या वेळी हजर असलेल्या माणसाची जबानी वीस तारखेच्या आत हवी, नाहीतर जागा दुसरीला. हजर होतीस तू आणि आई. आई आता नाही.

मावशी, तुला हे मागताना जीव खालीवर होतो. मी शिकून गावात आले की तुझं सुईणीचं काम सुटणार, हे मला कळतं. नाही म्हणालीस तरी रागावणार नाही.

तुझी,
वार्सी

सुम्बेरेजो, १४ जुलै

चि. वार्सीस अनेक आशीर्वाद.

रागावणार नाहीस म्हणे! आठवडाभर रडली असतीस. पत्र वाचून दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही, खोटं कशाला सांगू? तिसऱ्या दिवशी ठेवणीतली कबाया घालून कचेरीत गेले. कारकून पार्जो मलाच विचारतो, तुम्ही हजर होता याला पुरावा काय? म्हटलं, मेल्या, तू पायाळू आलास तेव्हा तुझ्या आईने मागितला होता का? मग मुकाट्याने लिहायला लागला.

कागद आणि तळलेला तेंपे बसवाल्याबरोबर पाठवते. कागदाला तेल लावू नकोस. वेळेवर जेव. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी मावशी,
सुमिनाह

मागेलांग, १९ जुलै

ती. मावशीस सा. न.

तेल लागलंच! तरी प्रवेश मिळाला. बाईंनी कागद मोठ्याने वाचला. साक्षीदार सुमिनाह. शिक्षण दुसरी. धंदा सुईण, वार्सी येईपर्यंत. तिथे बाईंनी चष्मा पुसला आणि शिक्का मारला. मी बाहेर जाऊन पोटभर रडले.

मावशी, पहिल्या बाळाच्या वेळी माझे हात थरथरणार. तेव्हा शेजारी कोण बसेल? पार्जोकडे जा आणि शेवटचे दोन शब्द खोडून ये.

तुझ्याच हातची,
वार्सी